तळ कुठे आहे? नरम जमिनीवरच्या वाहनाची निवड

१. प्रश्न

शेतात उतरवायचे वाहन घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘किती एचपी?’ कोरड्या, घट्ट रानात हा प्रश्न चालून जातो. जमीन नरम पडली की हिशेब बदलतो. ती जमीन कॅनडात कमरेएवढ्या बर्फाखाली गेलेली असो, की लखनौ जिल्ह्यात जुलैच्या पावसात भिजलेली. ४५ एचपीचा ट्रॅक्टर चाके जागच्या जागी फिरवत धुऱ्यापर्यंत रुततो, आणि शेजारच्याच खाचरातून १३ एचपीचा पॉवर टिलर चिखल उडवत पार होतो. यात यंत्राचा दोष नसतो, चालकाचाही नसतो. निवड करताना यंत्र पाहिले गेले, जमीन पाहायची राहिली, एवढेच.

या विवेचनासाठी लखनौ घेण्याचे कारण असे की, एकाच जिल्ह्यात चार वेगळ्या स्वभावांच्या जमिनी जवळजवळ सापडतात: गोमतीकाठचा रेताड कछार, मलिहाबाद-काकोरीकडची आमराईची दोमट, सखल भागातली भाताची मटियार आणि क्षारयुक्त ऊसर. मराठी वाचकाने ढोबळमानाने रेताड, पोयटा, चिकण आणि चोपण असे समजावे. वर्षाचा ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो आणि शेतीच्या कामाची घाईही नेमकी तेव्हाच असते. पाऊस एकच, पण चारही जमिनी त्याला चार तऱ्हांनी उत्तर देतात. म्हणून वाहनाची निवडही चार तऱ्हांनी करावी लागते.

सिद्धांत थोडक्यात असा: नरम थर किती खोल आहे आणि त्याच्याखाली घट्ट तळ आहे की नाही, यावर निवड ठरते. तळ जवळ असेल तर वाहनाने खाली जाऊन तो गाठावा. तळ नसेल किंवा फार खोल असेल तर वरच्या वर तरावे. दोन्ही जमत नसेल तर शेताबाहेर थांबावे. इंजिनाची ताकद हा त्यानंतरचा प्रश्न.

२. जमीन किती भार पेलते

जमिनीला वाहनाचे एकूण वजन कळत नाही, दर चौरस सेंटिमीटरला पडणारा भार कळतो. ६५ किलोचा माणूस एका पावलावर तोलला की साधारण १५० चौरस सेंटिमीटरवर टेकतो, म्हणजे ०.४ किलोच्या थोडा वर दाब. ५०० किलोची म्हैस चारही खुरांवर उभी असली तरी दाब १ किलोच्या आसपास जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात १२ ते १६ पौंड हवा असते, म्हणजे ०.८५ ते १.१ किलो. टायर रुतण्याआधी त्याचा दाब त्यातल्या हवेच्या दाबाइतका किंवा किंचित जास्त असतो, हा कामापुरता ढोबळ नियम आहे. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर आणि एक म्हैस जमिनीला जवळपास सारख्याच जड असतात. ‘छोटा हाथी’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस मात्र १२ इंची चिमुकल्या चाकांवर आणि ट्रॅक्टरच्या दुपटीहून जास्त हवेवर चालतो. ट्रॅक्टरहून हलका असूनही ओल्या बांधावर तो आधी का फसतो, ते यावरून कळते.

टोकाचे उदाहरण बर्फाचे. जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांनी १९३७ साली कॅनडात पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाडीचे पेटंट मिळवले आणि १९५९ मध्ये एक-दोन माणसांची ‘स्की-डू’ बाजारात आणली. अशा हलक्या बर्फगाडीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.०३ ते ०.०४ किलो, म्हणजे माणसाच्या पावलाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. माणूस मांडीपर्यंत बुडतो तिथे ती वरून निघून जाते.

पण बर्फाचा धडा चिखलाला जसाच्या तसा लागू होत नाही. ताज्या बर्फात बहुतांश हवा असते. भार पडला की ती निघून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि गाडीखाली घट्ट पट्टा तयार होतो. त्याच वाटेने दुसरी गाडी अधिक सुखाने जाते. पाण्याने भरलेल्या चिकण मातीत दाबली जाण्यासारखी हवाच उरलेली नसते. भार पडला की ती बाजूला सरकते, मातीची घडण मोडते आणि ती आधीपेक्षा कमजोर होते. म्हणून बर्फात वाट खेपेगणिक सुधारते आणि चिखलात बिघडते. ओल्या शेतात सगळ्यांत चांगली खेप पहिली. पाच खेपा करायच्या असतील तर पाच वेगळ्या वाटा धराव्यात, एकच चाकोरी खोल करत बसू नये. रेतीत उलटे: तिथे पहिल्या चाकाने दाबलेल्या चाकोरीत मागच्या चाकाला कमी त्रास होतो.

३. जमीन किती ओढ सोसते

चाक पुढे जाते ते जमिनीला मागे ढकलून. जमिनीने हा रेटा सोसला तरच गाडी पुढे सरकते. ही सोशिकता दोन गोष्टींतून येते: मातीचा चिकटपणा आणि कणाकणांतले घर्षण. फ्रेंच अभियंता कुलाँ यांनी १७७३ मध्ये भिंतींमागच्या मातीचा विचार करताना हे सूत्र मांडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये मिकलथ्वेट यांनी ते रणगाड्यांच्या पट्ट्यांना लावले. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे कॅनडा-अमेरिकेत काम केलेले एम. जी. बेकर यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात रुतणे, घसरणे आणि ओढ यांचे एकत्रित शास्त्र उभे केले. १९७१ साली अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या जाळीदार चाकांमागे हेच शास्त्र होते.

सूत्र सोपे आहे. जास्तीत जास्त ओढ म्हणजे मातीचा चिकटपणा गुणिले टेकलेले क्षेत्रफळ, अधिक चाकावरचे वजन गुणिले घर्षण. पहिल्या भागात वजन नाही, दुसऱ्या भागात क्षेत्रफळ नाही. निवडीचे निम्मे शहाणपण या दोन वाक्यांत आहे.

आकडे घालून पाहू. दोन टनांचा, ४५ एचपीचा, मागच्या दोन चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर घ्या. मागच्या चाकांवर सुमारे १३०० किलो. मागचे टायर १४.९-२८ आकाराचे, प्रत्येक नरम मातीत रुतल्यावर साधारण १७०० चौरस सेंटिमीटर टेकलेला.

ओल्या मटियारीत घर्षण जवळपास शून्य धरावे लागते आणि चिकटपणा, समजा, दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो. दोन टायर मिळून ३४०० चौरस सेंटिमीटर, म्हणून जास्तीत जास्त ओढ ३४० किलो. चाकांत पाणी भरून, लोखंडी वजने लावून आणखी ३०० किलो चढवले तरी ओढ सुमारे ३४० किलोच राहते, वाढते फक्त रुतण्याची खोली. उलट टायरच्या बाजूला लोखंडी अर्धचाके लावून टेकण्याची जागा ६० टक्क्यांनी वाढवली तर ओढ ५४० किलोवर जाते.

रेतीत चिकटपणा नाही, घर्षण आहे. ते ३० अंशांच्या कोनाचे धरले तर १३०० किलो वजनातून ७५० किलो ओढ मिळते. इथे ३०० किलो चढवले की ती ९२० किलोंपुढे जाते, पण रुंदी वाढवून ओढ वाढत नाही. रुंदीचा फायदा कमी रुतण्यापुरता. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांत एकच उपाय एकीकडे तारतो आणि दुसरीकडे बुडवतो. ‘चाकात पाणी भरा’ हा सल्ला कछारात खरा, मटियारीत खोटा.

आता इंजिन. ४५ एचपीतले पाव नुकसान सोडले तरी ताशी ४ किलोमीटर वेगाला चाकांपाशी सुमारे २३०० किलो ओढ निघू शकते. जमीन सोसते ३४० ते ७५०. इंजिनाकडे जमिनीच्या सोशिकतेच्या तिप्पट ते सातपट ताकद आहे आणि ती वापरायला जागा नाही. ५५ एचपी घेतले तर न वापरता येणारी ताकद तेवढी वाढते.

चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर घेतला तर रेतीत पूर्ण दोन टन वजन कामी येते आणि ओढ ११५० किलोंच्या घरात जाते. मटियारीत पुढच्या लहान चाकांच्या क्षेत्रफळाची भर पडून ती ४७० किलोच्या आसपास पोचते. फायदा दोन्हीकडे आहे, पण रेतीत मोठा. मटियारीत अर्धचाके लावलेला साधा ट्रॅक्टर महाग ‘फोर व्हील’च्या बरोबरीने उभा राहतो, हे पैसे मोजण्याआधी लक्षात घ्यावे.

४. रुतण्याची किंमत

मिळालेली ओढ सगळी कामाला येत नाही. चाक रुतलेले असले की ते पावलोपावली खड्ड्यातून वर चढत असते, त्यात ओढ खर्च होते. डांबरी रस्त्यावर हा खर्च वजनाच्या दोन-तीन टक्के असतो. ओल्या शेतात तो २०-२५ टक्क्यांवर जातो.

खरा घात इथे ट्रॉली करते. ५ टन माल आणि स्वतःचे दीड टन धरून भरलेली ट्रॉली साडेसहा टनांची. रस्त्यावर ती ओढायला १३० ते २०० किलो पुरतात, ओल्या शेतात १३०० ते १६०० लागतात. ट्रॅक्टरपाशी आहेत फार तर ७५०. कोणत्याही वाढीव एचपीने हे गणित सुटणार नाही. भरलेली ट्रॉली पावसात शेतात उतरवायचीच नाही, हाच त्यावरचा उपाय. माल रस्त्यापर्यंत थोडाथोडा आणावा. टायरवरची बैलगाडी, जिला अवधात ‘डनलप’ म्हणतात, आजही या कामाला लागते ती याच गणितामुळे.

दोन चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाकेही बेरकी. ६.००-१६ चा अरुंद टायर फक्त ढकलला जातो, स्वतः फिरून चढत नाही. मऊ मातीत तो पुढे मातीचा ढीग लोटत राहतो आणि स्टीअरिंग वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जातो. पुढची चाके ओढती असली की ती मातीवर चढतात. फोर व्हीलचा मटियारीतला खरा लाभ ओढीपेक्षा इथे आहे.

तीनचाकीचे दुखणे वेगळे. लखनौच्या स्कूटर्स इंडिया कारखान्यातून निघालेल्या ‘विक्रम’ने या भागातल्या गावोगावची माणसे आणि माल वर्षानुवर्षे वाहिला. पक्क्या रस्त्यावर ती अजोड. कच्च्या ओल्या वाटेवर मात्र चार चाकांना दोन चाकोऱ्या पुरतात आणि तीन चाकांना तीन लागतात. पुढचे चाक दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर चालते, तेथून घसरले की हँडल चालकाच्या हातात राहत नाही. पावसाळी शेतवाटेसाठी तीनचाकी निवडू नये.

५. तरणे आणि तळ गाठणे

नरम थर पार करण्याचे मार्ग दोनच. रुंद चाके, कमी हवा, पट्टे, हलके यंत्र ही तरणाऱ्याची साधने. उंच आणि अरुंद चाक, टायरवरचे खोल रबरी दात, पोटाखाली भरपूर मोकळी जागा ही तळ गाठणाऱ्याची. बर्फाळ देशांत दोन्ही रीती शेजारी नांदतात: उघड्या रानात पट्ट्याची गाडी, आणि बर्फाखाली पक्का रस्ता असेल तिथे साखळी बांधलेले अरुंद टायर.

भाताच्या जुन्या खाचरात वरचा १५-२० सेंटिमीटर चिखल असतो आणि खाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने दाबला गेलेला घट्ट थर. खाचरात पाणी टिकते ते याच थरामुळे, आणि ट्रॅक्टर उभा राहतो तोही त्याच्यावर. इथे तरण्याचा प्रयत्न व्यर्थ. चाकाने चिखल कापून तळाला दात लावावेत. भातासाठीच्या खास टायरवरचे दात नेहमीच्या शेती टायरपेक्षा जवळपास दुप्पट खोल असतात ते त्याकरता. लोखंडी चाकाच्या आडव्या पट्ट्यांमधून चिखल निसटतो, रबरी टायरसारखा तो चिकटून चाक गुळगुळीत करत नाही. अडचण एवढीच की ही चाके डांबरी रस्ता फोडतात. ती शेताच्या कडेला नेऊन तिथेच जोडावी लागतात.

म्हैस हे दोन्ही एकत्र साधते. तिचा खूर दुभंगलेला असतो. भार पडला की दोन्ही भाग फाकतात आणि टेकण्याची जागा वाढते, पाय उचलताना ते मिटतात आणि चिखल पाय धरून ठेवत नाही. लोखंडाच्या कोणत्याही चाकाला हे अजून नीट जमलेले नाही.

तळ गाठणाऱ्याने एक मर्यादा सांभाळायची. या वर्गातल्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली साधारण ४० सेंटिमीटर जागा असते. नरम थर २५ सेंटिमीटरपर्यंत असेल तर निर्धास्त जावे. ३५ च्या पुढे पोट चिखलाला टेकू लागते, चाकांवरचा भार पोटावर जातो आणि मग काही चालत नाही.

६. लखनौच्या चार जमिनी

कछार. गोमती पिलीभीतच्या माधोटांडा भागात उगम पावते आणि हिमालयातल्या बर्फावर जगत नाही, भूजलावर आणि पावसावर वाहते. तिच्या काठची ताजी रेताड जमीन कोरडी असताना अधिक त्रास देते. थोडी ओल असली की कण बांधले जातात आणि वाट बरी होते. पूर ओसरल्यावर रेतीवर गाळाची पातळ साय बसते, ती तेवढी निसरडी. इथे फोर व्हील, कमी हवा आणि थोडे जास्त वजन ही निवड. कलिंगड-काकडीच्या मोसमात रेतीत उतरणाऱ्या पिकअपची हवा काठावर कमी करावी आणि रस्त्याला लागताना पुन्हा भरावी.

दोमट. मलिहाबादच्या दशहरी आंब्याला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची तोडणी जून-जुलैत चालते आणि मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो, म्हणजे निम्मा माल ओल्या बागेतून काढायचा. दोमटीतून पाणी चांगले निचरते, पाऊस उघडला की एक-दोन दिवसांत जमीन चालण्याजोगी होते. त्यामुळे इथे वाहनाचा प्रश्न फसण्यापेक्षा नुकसानीचा आहे. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळे बरीचशी वरच्या थरात असतात. जड चाक ओल्या बुंध्याजवळून फिरले की माती आवळते आणि हवा-पाण्याची वाट बुजते. इथे २०-२५ एचपीचा, फोर व्हील, बुटका छोटा ट्रॅक्टर योग्य. तो फांद्यांखालून जातो, आणि एकूण वजन कमी असल्याने खोलवरची माती दाबत नाही. खोलवरचा दाब चाकाच्या हवेवर कमी आणि धुऱ्यावरच्या एकूण वजनावर जास्त अवलंबून असतो, म्हणून मोठ्या ट्रॅक्टरला रुंद टायर लावून ही हानी टळत नाही. गाडीची वाट दोन ओळींच्या मधोमध एकच ठरवावी. चिखलात वाटा वेगळ्या ठेवाव्यात हा आधीचा नियम बागेत मागे घ्यावा लागतो, कारण इथे गाडीपेक्षा झाड मोलाचे.

मटियार. सखल भागातले भात. तळ जवळ, म्हणून अर्धचाके किंवा भाताचे टायर. आणि एक महत्त्वाची निवड अवजाराची. नांगर ट्रॅक्टरच्या ओढीवर चालतो, आणि ओढ तर इथे नाही. रोटाव्हेटर इंजिनाची ताकद पीटीओ दांड्यातून थेट पात्यांना देतो, शिवाय फिरती पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. वर जी तिप्पट-सातपट ताकद वाया जात होती ती इथे वापरात येते. एचपीचा आकडा ज्या एका ओल्या कामात खरोखर मोलाचा ठरतो ते हे.

ऊसर. सोडियममुळे या मातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात, पाणी आत मुरत नाही. वर पाण्याचे तळे आणि चार बोटांखाली ठणठणीत कोरडे, अशी तिची तऱ्हा. दिसायला दलदल, प्रत्यक्षात निसरडी फरशी. रुंद टायर इथे पाण्यावरून घसरतात. अरुंद, खोल दातांचे चाक साय फोडून तळ धरते. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र लखनौत आहे. १९९३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने उत्तर प्रदेशात ऊसर सुधारणेचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. जिप्सम घालायचे, पाणी देऊन क्षार खाली ढकलायचे आणि पहिले पीक भाताचे घ्यायचे, अशी ती पद्धत. जमीन सुधारली की पाणी मुरू लागते आणि नरम थर खोल जातो. पाच वर्षांपूर्वी ज्या शेतात अरुंद चाक धावत होते तिथे ते आता बुडते. सांगली-कोल्हापूरकडे चोपण जमिनी सुधारणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

विदर्भ-मराठवाड्याच्या खोल काळ्या मातीशी तुलना केली तर सिद्धांताची तिसरी बाजू दिसते. ही माती भिजली की फुगते, टायरचे दात भरून टाकते आणि कामापुरत्या खोलीत तिला तळ नसतो. तरायला जावे तर चाके गुळगुळीत, तळ गाठायला जावे तर तळ नाही. म्हणून तिथला शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो. हे थांबणे आळसाचे नाही, तो हिशेब आहे.

७. पट्ट्यांचे यंत्र

पट्ट्यांवर चालणारे भातकापणी यंत्र तीन टनांचे असले तरी अर्धा मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर लांब अशा दोन पट्ट्यांवर तोलले जाते. दाब ०.२ किलोहून कमी, माणसाच्या पावलाच्या निम्मा. परतीच्या पावसात लोळलेले भात काढायला दुसरे काही उतरतच नाही. पण पट्टा वळताना माती खरवडतो, दगडी वाटेवर लवकर झिजतो आणि रस्त्यावरून न्यायला ट्रक लागतो. शेतकऱ्याने ते विकत घेण्याचे कारण नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार उत्तर प्रदेशात सरासरी जमीनधारणा ०.७३ हेक्टर आहे, महाराष्ट्रात १.३४. एवढ्या रानासाठी वर्षातून काही दिवस लागणारे यंत्र भाड्यानेच आणावे.

८. पाहणीची रीत

खरेदीपूर्वी, आणि दर मोसमात शेतात उतरण्यापूर्वी, एक पाहणी पुरते. बोटाएवढ्या जाडीची, मीटरभर लांब सळई घ्यावी, वर आडवी मूठ असलेली. पावसानंतर दुसऱ्या दिवशी बांधापासून आत जात दर दहा पावलांवर ती दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबावी. जिथे ती अडते तिथे खूण करून खोली मोजावी. सगळीकडे १५-२० सेंटिमीटरवर अडली तर तळ आहे. चार बोटांवर अडली आणि वर पाणी असेल तर ऊसर. हळूहळू जड होत गेली पण कुठे अडलीच नाही तर तरण्याचा विचार करावा. एखाद्या ठिकाणी अचानक घुसली तर तिथे जुनी नाली, बुजलेले तळे किंवा विहिरीची कड असू शकते. तिथे काठी रोवून ठेवावी. मग मूठभर माती घेऊन वळावी. वळकटी होत असेल तर क्षेत्रफळ वाढवण्याचा उपाय, भुगा होत असेल तर वजनाचा.

वाहन फसल्यावरचे नियमही निवडीचाच भाग आहेत. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. एक चाक चिखलात हलके फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच हलका जोर येतो. चालकाच्या टाचेजवळचे लॉकचे पेडल दाबले की दोन्ही चाके एक होतात. चाक वेगाने फिरण्याआधी, हळू वेगात ते दाबायचे आणि वळण घेण्याआधी सोडायचे. दहा-पंधरा टक्के घसर असताना ओढ उत्तम मिळते. चाक पूर्ण फिरू लागले की ते फक्त खड्डा खणते, त्या क्षणी क्लच दाबावा.

मागच्या चाकांना ओंडका बांधून ट्रॅक्टर काढण्याची रीत प्राणघातक आहे. चाक अडले की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरलाच धुऱ्याभोवती फिरवतो, पुढचा भाग उचलला जातो आणि सेकंदभरात यंत्र चालकावर उलटते. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे तर साखळी धुऱ्याच्या खालच्या ड्रॉबारला लावावी, वर कधीही नाही.

९. एक आक्षेप

असे म्हटले जाईल की शेतकऱ्याला ट्रॅक्टर एकच परवडतो, आणि तो बारमाही कामाचा हवा. हे खरे आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने लखनौत ट्रॅक्टरवर चालणारी ऊस लागवड यंत्रे विकसित केली. ती यंत्रे चालवणाऱ्या याच एका ट्रॅक्टरला हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या असतात आणि जुलैत चिखलणी करायची असते. ट्रॉलीला चाकांत वजन, टायरात भरपूर हवा आणि झिजायला कठीण रबर लागते. चिखलणीला बरोबर उलटे.

पण यावरून मोठा ट्रॅक्टर घ्यावा असे सिद्ध होत नाही. इंजिन, गिअरपेटी आणि धुरा यांवर घातलेला पैसा दहा-पंधरा वर्षे तसाच अडकून राहतो. त्याच काळात शेत मात्र वर्षातून तीनदा बदलते: एप्रिलात ठणठणीत कोरडे, जुलैत चिखल, नोव्हेंबरात वाफसा. बदलणाऱ्या जमिनीला बदलता येणाऱ्या वस्तूंनीच उत्तर देता येते. म्हणून ४५ ऐवजी ५५ एचपी घेण्यात जो फरक जातो, त्यात अर्धचाकांचा जोड, काढता-घालता येणारी वजने, भाताच्या टायरांचा एक संच, हवा मोजायचे मीटर आणि एक सळई बसते का ते आधी पाहावे. बहुतेक वेळा बसते, आणि शेतात उतरल्यावर कामाला येते तीच रक्कम.